चारशे बारा चौकटी

मांडणीकार : सही करून टाका, बाई. त्यात खोटं एक अक्षरही नाही.

बाई : म्हणून तर हात धजत नाही. खोटं असतं तर हिरव्या शाईने दुरुस्त करून परत पाठवलं असतं. तीस वर्षं दुसरं काय केलं मी? तुम्ही मोठ्याने वाचा. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की वाक्यातली खोट कानाला लागते.

मांडणीकार : वाचतो. "मी, 'औषधदर्शिका' या ग्रंथाची मुख्य संपादक, असे निवेदन करते की, सदर ग्रंथाच्या पृष्ठ दोनशे सहावर संबंधित वेदनाशामकाविषयीचा निषेध लाल चौकटीत, ठळकपणे छापलेला आहे. मूत्रपिंडाचा आजार असलेल्या रुग्णास हे औषध देऊ नये, हे तेथे निःसंदिग्धपणे नमूद आहे. ग्रंथाचा मजकूर निर्दोष आहे." खाली तुमचं नाव आणि आजची तारीख. चार वाजता वर चौकशी समिती बसणार. त्याआधी संचालकांना कागद हवाय.

बाई : सुरेख. हे संचालक माझ्या वर्गात होते तेव्हा त्यांना दोन वाक्यं धड जोडता येत नसत. आता पाहा, तीन वाक्यांत एका परिचारिकेची नोकरी आणि अब्रू दोन्ही निकालात काढली; आणि तिचा साधा उल्लेखही नाही! शिक्षिका म्हणून माझं सार्थक झालं.

मांडणीकार : पण ग्रंथ निर्दोष आहेच ना?

बाई : ग्रंथ आहे. रुग्णाला गोळी देताना ती ग्रंथ वाचत नव्हती, मोबाइल वाचत होती. मोबाइलवर आपलीच दर्शिका, आपल्याच संस्थेचं बोधचिन्ह आणि पहिल्या पानावर माझंच नाव. तिथे त्या दिवशी काय दिसत होतं ते दाखवा, असं मी कालपासून तीनदा म्हटलं. तीनही वेळा तुम्ही चहा मागवलात.

मांडणीकार : चहा वाईट होता का?

बाई : चहा उत्तम होता. पान दाखवा.

मांडणीकार : बघा मग. मोबाइलचं अ‍ॅप काढणाऱ्या कंपनीला आपण पाठवली ती फाइल. तीन आठवड्यांपूर्वीच्या शुक्रवारपर्यंत हेच चालू होतं. मी एक प्रत ठेवून घेतलीय.

बाई : "उपयोग. पुढील रुग्णांना द्यावे : सांधेदुखी असलेले. पाठदुखी असलेले. शस्त्रक्रियेनंतर वेदना असलेले. मूत्रपिंडाचा जुना आजार असलेले. जठरात व्रण असलेले. गर्भवती." ...हे मी लिहिलंय?

मांडणीकार : शब्द तुमचेच. एक ओळ नाहीये फक्त.

बाई : तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधली. "पुढील रुग्णांना देऊ नये." दोन याद्या होत्या, त्यांची एक झाली. ज्यांना या गोळीने मरण येईल त्यांची नावं, ज्यांना आराम पडेल त्यांच्या पंगतीला बसवली. कुठे गेली ती ओळ?

मांडणीकार : गेली नाही. आहे, शेवटी. सूचीच्याही मागे. हे बघा, खाली आलो.

बाई : "पुढील रुग्णांना देऊ नये. पुढील रुग्णांना देऊ नये. पुढील रुग्णांना देऊ नये..." किती आहेत या?

मांडणीकार : चारशे बारा. जेवढी औषधं, तेवढ्या. सगळ्या इथे येऊन पडल्यात. हे आपल्याकडून गेलेल्या फाइलमध्ये. कंपनीच्या लोकांना वाटलं, एकच ओळ चारशे बारा वेळा, म्हणजे कचरा. त्यांनी काढून टाकल्या.

बाई : कोणाला न विचारता?

मांडणीकार : ...काढून टाकल्या. एवढं खरं.

बाई : आणि त्या शुक्रवारी काय झालं?

मांडणीकार : संचालकांनी मला बोलावलं, दार लावलं, आणि सगळं दुरुस्त करून घेतलं. दोन दिवस बसलो होतो. आता कुणीही मोबाइल उघडला तर जिथल्या तिथे, "देऊ नये".

बाई : म्हणजे त्यांना माहीत आहे. माहीत असूनही माझ्यासमोर हे ठेवलं की "ग्रंथाचा मजकूर निर्दोष आहे". समिती आज मोबाइल पाहील, छापील पान पाहील, माझी सही पाहील. तिन्ही ठिकाणी मजकूर बरोबर. उरली एकटी ती, जिला वाचता येत नाही. आता मला समजेल अशा भाषेत सांगा. ओळ शेवटी जातेच कशी?

मांडणीकार : संगणकाला लाल-काळं कळत नाही, बाई. मोठं-बारीक कळत नाही. त्याला फक्त परिच्छेदाचं नाव कळतं. म्हणून मी प्रत्येक परिच्छेदाला स्टाइल लावतो. "औषधनाव" एक, "उपयोग" एक, "यादी" एक, "निषेध" एक. प्रत्येक स्टाइलला एक टॅग, म्हणजे खूण, जोडलेली. एक्सएमएल, म्हणजे मोबाइलसाठीची फाइल, काढायला घेतलं की तो वरून खाली एकेक परिच्छेद उचलतो, स्टाइल बघतो, त्या टॅगच्या पाकिटात घालतो. पुढे मोबाइल असो, वेबसाइट असो, त्यांना ही पाकिटं मिळतात. तुमचं पान मिळत नाही.

बाई : म्हणजे परिच्छेद काय आहे ते त्याला कळतं, कसा दिसतो ते कळत नाही. आपल्या नियामक मंडळाच्या नेमकं उलट. मग निषेधाला शैली लावायची राहिली होती?

मांडणीकार : नव्हती राहिली. चारशे बाराच्या चारशे बारांना लावलीय. पण नुसती स्टाइल असून भागत नाही. परिच्छेद ओळीत लागतो, मुख्य मजकुराच्या धाग्यात. हा नाहीये धाग्यात. ही सुटी चौकट आहे, पानावर वरून ठेवलेली. तुमच्या-माझ्या डोळ्यांना ती दोन याद्यांच्या मध्ये दिसते. संगणकाच्या लेखी ती मध्येही नाही, वरही नाही. तो आधी सगळा धागा संपवतो, आणि मग सुट्या चौकटी गोळा करून मागे लावतो.

बाई : छान. आणि हे कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालं? पुस्तकातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द मजकुरातून उपटून काढायचा आणि तसबिरीसारखा वरून टांगायचा! मला त्या विद्वानाचं नाव सांगा. सजावटीची हौस एवढीच दांडगी असेल तर लग्नपत्रिका छापाव्यात, औषधांच्या नादी लागू नये. असल्या माणसाला अक्षरओळख कोणी करून दिली, त्याचीही चौकशी व्हायला हवी. बोला. कोण?

मांडणीकार : राहू द्या ना.

बाई : का? मंडळापैकी कोणी आहे?

मांडणीकार : थांबा, कपाट उघडतो. ...ही तिसरी प्रूफप्रत. पान दोनशे सहा. समासात वाचा. हिरवी शाई आहे.

बाई : हिरवी शाई संस्थेत मीच वापरते.

मांडणीकार : वाचा.

बाई : "इशारा मजकुरात बुडून जातो. लाल चौकटीत, सुटा घ्यावा. नजरेत भरला पाहिजे. सर्व औषधांना असेच."

मांडणीकार : त्याच्या खाली टाचणीने लावलेली चिठ्ठी माझी.

बाई : "बाई, सुटा घेतला तर पुढे एक्सएमएलला अडचण येईल. ओळीतच ठेवू या. स्टाइललाच लाल कडा देता येते, फक्त जरा कमी उठून दिसेल."

मांडणीकार : आणि तिच्या पाठीमागे तुमचं उत्तर.

बाई : मला पाठ आहे. "यंत्राच्या सोयीसाठी ग्रंथ लिहीत नसतात."

मांडणीकार : तुमच्या सत्काराच्या भाषणातही म्हणालात तुम्ही हे. टाळ्या पडल्या होत्या.

बाई : तुम्हीही वाजवल्या असतील.

मांडणीकार : सगळेच वाजवत होते. मी एकटा कसा गप्प बसणार?

बाई : तेव्हा बोलला असतात, तर—

मांडणीकार : लिहून दिलं होतं, बाई! तुमच्यापुढे याहून जास्त बोलायची सोय होती का इथे? एका अनुस्वारावरून तुम्ही माणसाला आठवडाभर तोंड दाखवू देत नव्हता. चारशे बारा चौकटी मी हाताने ठेवल्या, एकेक मोजून, केसाइतकीही इकडेतिकडे होऊ दिली नाही. तुम्ही शाबासकी दिलीत. मीही खूश झालो.

बाई : बरोबर आहे. आवाज चढवू नका, ऐकतेय मी.

मांडणीकार : एक सांगू? ही प्रत माझ्याच कपाटात आहे. जुनी फाइल माझ्याच संगणकावर आहे. तिसऱ्या कुणाला ठाऊक नाही. तुम्ही सही करा, मी दोन्ही नाहीशा करतो. माझा करार वर्षावर्षाचा आहे. तुमचं नाव एवढं मोठं. आणि ती सिस्टर... दुसरीकडे लागेल कुठेतरी. सिस्टर लोकांना काम मिळतं.

बाई : निलंबित झालेल्यांना? तुम्हाला दोष देत नाही. गेली पाच मिनिटं मीही तोच विचार करतेय, फक्त अधिक शुद्ध भाषेत. "ग्रंथाचा मजकूर निर्दोष आहे." खरंच आहे ना ते? छापील पान कोणीही उघडावं. मी ग्रंथाबद्दल बोलतेय. मोबाइलबद्दल मला कोणी विचारलेलंच नाही. पेन द्या.

मांडणीकार : घ्या.

(दार थोडं उघडतं. एक परिचारिका उंबऱ्यावरच थांबते. हातात पर्स आणि चष्म्याचं घर.)

परिचारिका : माफ करा हं. झेरॉक्स इथे मिळते का? वरच्या शिपायांनी सांगितलं, मुद्रण विभागात विचारा.

मांडणीकार : कशाची हवीय, सिस्टर?

परिचारिका : औषधदर्शिकेतलं एक पान. छापील. दोनशे सहावं. आमच्या दवाखान्यात एकच प्रत होती, ती डॉक्टर घरी घेऊन गेले.

मांडणीकार : देतो. दोन मिनिटं बाहेर बसा.

बाई : आत या. बसा इथे. हेच पान कशाला हवंय?

परिचारिका : चार वाजता मला वर बोलावलंय, मॅडम. तिथे विचारतील. त्याआधी एकदा बघून घ्यायचं होतं, मी नेमकं काय चुकीचं वाचलं ते.

बाई : चुकीचं वाचलंत, असं कोण म्हणालं?

परिचारिका : मीच म्हणते. मोबाइलवर साफ लिहिलंय, देऊ नये. रोज सकाळी उघडून बघते. रोज तेच. मग त्या दिवशी मी "द्यावे" कुठून वाचलं? डोळे तपासून आले, चष्म्याचा नंबर तोच निघाला. नवरा म्हणतो, तू दमली होतीस. असेन. पण त्या दिवशी मंगळवार होता, गर्दीसुद्धा नव्हती.

बाई : त्या दिवशी काय झालं ते मला सांगाल?

परिचारिका : तुम्ही समितीत आहात का?

बाई : नाही.

परिचारिका : मग सांगते. त्यांना आधीच लिहून दिलंय, पण तिथे जेवढी जागा होती तेवढंच. आमचे एक आजोबा होते. गुडघ्यांनी बेजार. दर मंगळवारी यायचे. "सिस्टर, हा डावा गुडघा कुणाला हवा असेल तर बघ, फुकट देतो," म्हणायचे. पण मूत्रपिंडाचा आजार सात वर्षांचा, त्यामुळे दुखण्यावरची कुठलीच गोळी धड देता यायची नाही. डॉक्टर आठवड्यातून तीनच दिवस येतात. त्या दिवशी नव्हते. फोन केला तर म्हणाले, नवीन आलीय एक गोळी, दर्शिकेत बघून द्या. मला शंका होती, म्हणून तर बघितलं. बघितलं नसतं तर दिलीच नसती हो.

मांडणीकार : सिस्टर, पाणी देऊ का?

परिचारिका : नको. "द्यावे"च्या खाली यादी होती. सांधेदुखी, पाठदुखी असं करत खाली आले, आणि चौथ्या ओळीत, "मूत्रपिंडाचा जुना आजार असलेले". मी दोनदा वाचलं. मला इतका आनंद झाला, मॅडम! म्हटलं, शेवटी एक तरी निघाली यांच्यासाठी. मोठ्याने वाचूनही दाखवली त्यांना. म्हणाले, "बघ, कुणीतरी माझा विचार करूनच काढलेली दिसतेय."

बाई : पुढे?

परिचारिका : आठ दिवसांत सूज उतरली. काठी न घेता चालत आले मला दाखवायला. आठ दिवसांच्या गोळ्या आणखी दिल्या मी. त्यानंतर लघवी बंद झाली. मोठ्या इस्पितळात नेलं, पण पाचव्या दिवशी गेले. ...आता तुम्हीच सांगा, मी दोनदा वाचलं, मोठ्याने वाचलं, तरी चुकीचं वाचलं? माणसाला असं होतं का कधी?

मांडणीकार : बाई, साडेतीन झाले.

बाई : मला घड्याळ कळतं. सिस्टर, तुमच्या चष्म्याचा नंबर बरोबर आहे. तुम्ही वाचलंत ते तसंच लिहिलेलं होतं. त्यांच्या संगणकावर ते अजून आहे. सरका जरा, यांना पाहू द्या.

मांडणीकार : बाई, विचार करा.

बाई : केला. सरका.

परिचारिका : ...हे. हेच! चौथी ओळ. हेच होतं. देवा. मग आता मोबाइलवर वेगळं कसं?

बाई : तीन आठवड्यांपूर्वी बदललं. गुपचूप.

परिचारिका : म्हणजे मला वेड नाही लागलेलं.

बाई : नाही.

परिचारिका : हे कुणी केलं?

बाई : मी. दर्शिकेची मुख्य संपादक मी आहे. "देऊ नये" हे शब्द ठसठशीत दिसावेत म्हणून मी ते मजकुरातून काढून वेगळ्या चौकटीत ठेवायला लावले. मोबाइलसाठी मजकूर निघाला तेव्हा चौकटी मागे पडल्या. यांनी मला आधी लेखी सावध केलं होतं. मी यांना एक टाळ्यांचं वाक्य ऐकवलं.

मांडणीकार : अर्धंच सांगताय. सिस्टर, त्या ओळी मागे पडल्या तरी फाइलमध्ये होत्या. कंपनीने काढून टाकल्या, पण विचारून. मला मेल आली होती, "शेवटच्या पानांवर एकच ओळ परत परत येते, काढू का?" बाई, मघाशी तुम्ही विचारलंत तेव्हा मी खाली बघितलं. मी त्यांना "ठीक" असं लिहिलं. फाइल उघडली नाही. जेवायला निघालो होतो.

बाई : ती मेल आहे?

मांडणीकार : आहे.

बाई : छापून काढा. चिठ्ठी तुम्हाला तारेल आणि "ठीक" तुम्हाला बुडवेल; मी दोन्ही जोडणार आहे. आता हा संचालकांचा कागद बाजूला ठेवा आणि नवा लिहून घ्या. शीर्षक नको, ठळक काही नको. लिहा : "मोबाइलवरील औषधदर्शिकेत पृष्ठ दोनशे सहाचा मजकूर चुकीचा होता. परिचारिकेने तो जसा होता तसाच वाचला. चुकीचे मूळ माझ्या हिरव्या शाईतील सूचनेत आहे. ती प्रत सोबत जोडली आहे. तीन आठवड्यांपूर्वी मजकूर बदलण्यात आला, हे संचालकांस ज्ञात आहे." माझं नाव.

मांडणीकार : ते हा कागद फायलीत घालतील आणि फाइल हरवेल.

बाई : म्हणून तीन प्रती काढा. एक समितीला, एक संचालकांना, आणि एक यांच्या पर्समध्ये. जुनी फाइलही यांना द्या. यांना कसं वाचायचं ते शिकवावं लागणार नाही.

मांडणीकार : माझं नाव खाली घालू? "ठीक" माझंच आहे.

बाई : घाला. माझ्या नावाइतकंच मोठं.

परिचारिका : मॅडम, तुम्ही हे देताय, ते बरंच झालं. माझी नोकरी कदाचित राहील. पण मला तुमचे आभार मानता येणार नाहीत हो.

बाई : मानू नका.

परिचारिका : आजोबांची मुलगी आहे एक. कार्य झाल्यावर दवाखान्यात आली होती. म्हणाली, "एवढंच सांगा, तुम्ही नीट बघितलं होतं का?" मी म्हटलं, "नाही, माझं लक्ष नव्हतं." मला तेव्हा तसंच वाटत होतं ना. मग ती बोलली. सगळ्यांसमोर, तोंडाला येईल ते बोलली. मी ऐकून घेतलं. रडून मोकळी झाली आणि गेली. आता दर दोन-तीन दिवसांनी फोन करते. शिव्या देते आणि ठेवते. मीही उचलते. वाटतं, तेवढाच तिला आधार.

बाई : आता तिला खरं सांगावं लागेल.

परिचारिका : सांगेन की. पण मग ती फोन कुणाला करेल?

बाई : मला. नंबर सांगते, लिहून घ्या.